लगेज गाडीत हाये

आमच्या घरमालकांच्या घराला बेल नव्हती, दोरी होती. खालच्या पडवीतून ती निघायची, जिन्याच्या कठड्यावरून वर चढायची आणि माझ्या खोलीच्या दाराशी एका पितळी घंटीला जाऊन मिळायची. जुन्या लाल एस.टी.त ड्रायव्हरजवळ असायची तीच घंटी. भंगाराच्या दुकानातून आणली, असं घरमालक, म्हणजे काका, सांगायचे. ते सांगत असताना काकू छताकडे बघायच्या, त्यामुळे मी पुढे कधी विचारलं नाही.

नियम सोपा होता. एक बेल म्हणजे थांबा, हातातलं काम ठेवा आणि खाली या. दोन बेल म्हणजे काही नाही, चालू द्या. आता तुम्ही म्हणाल, काहीच नसेल तर वाजवायची कशाला? मीही तेच म्हणाले होते. पण सकाळी मी कॉलेजला निघाले की माझ्या मागे दोन बेल व्हायच्याच. वर ऐकायला कोणी नसलं तरी. त्याशिवाय गाडी सुटली असं काकांना वाटत नसे.

काका बुलढाणा डेपोत कंडक्टर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण माणूस गाडीतून उतरलेलाच नव्हता. दारात कोणी उभं राहिलेलं त्यांना खपत नसे. "आत सरका, मागं जागा हाये," हे ते पाहुण्याला म्हणत, दूधवाल्याला म्हणत, आणि एकदा गल्लीत कोणी वारलं तेव्हा अंगणात जमलेल्या माणसांनाही म्हणाले. गंमत म्हणजे माणसं सरकली. राजूर घाटातली एखादी हकिकत सांगायला लागले की प्रत्येक वळणाला प्लास्टिकच्या खुर्चीत इकडून तिकडे झुकायचे, आणि काकू आतून म्हणायच्या, "पडसान एखाद्या दिवशी." लोकांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, थांबे राहत. भाजीवाली म्हणजे 'धाड', आमचे डॉक्टर म्हणजे 'सुलतानपूर'. सुलतानपूरकडून गोळ्या आणल्या का, असं ते काकूंना विचारत आणि काकूंनाही ते बरोबर कळे.

मला खोली देतानासुद्धा त्यांनी आधी गाव विचारलं. माझं गाव तिकडे खाली, संग्रामपूर तालुक्यात, खारपाण पट्ट्यात. ते विचार करून म्हणाले, "माह्या रूटवरची नाही तू." जणू मी चुकीच्या गाडीत चढले होते. शेवटी काकूंनीच किल्ली आणून माझ्या हातात ठेवली.

खारपाण म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यापायी झालं. आमच्याकडे जमीन काळीभोर, बघून जीव हरखावा अशी, पण खालचं पाणी खारट. विहिरीचं पाणी पिकाला द्यावं तर जमीन चिकट होऊन बसते, माणसानं प्यावं तर मूतखडा होतो. मी शिकले मातीच आणि बुलढाण्याच्या एका शेतकी कॉलेजात शिकवायला लागले तीही मातीच. सुट्टी मिळाली की पट्ट्यातली गावं हिंडायची, शेताशेतातली माती खणून आणायची, कापडी पिशवीत बांधायची, वर गावाची चिठ्ठी लावायची. माझी खोली एवढीशी, म्हणून पिशव्या जिन्याखाली. काकांच्या लेखी ते बिनतिकिटाचं लगेज होतं. येता-जाता ऐकवायचेच, की मॅडम, तुमचं लगेज लय झालं, पॅसेंजरनं पाय कुठी ठेवावा? माती तं बुलढाण्यातबी हाये, मंग तिकडून काऊन वाहून आणून राह्यली? मी चिडायचे. मला चिडायला वेळ लागत नाही, खारट पाण्यावर वाढलेली आहे मी. पण पिशव्या कधी हलल्या नाहीत. उलट वाढतच गेल्या.

काकांचा खरा जीव मात्र तिकिटांत नव्हता, सोयरिकी जुळवण्यात होता. धाडच्या बाजाराच्या गाडीत सगळ्या जातींची, सगळ्या परिस्थितीची माणसं चढत. काका तिकीट फाडता फाडता कोणाची मुलगी बारावी झाली, कोणाचा मुलगा नोकरीला लागला हे डोक्यात टिपून ठेवत, आणि पुढच्या बाजाराला दोन्ही घरच्यांना बरोबर एका सीटवर आणून बसवत. मग स्वतः दांड्याला टेकून खिडकीबाहेर बघत उभे राहत, आपलं काही नाहीच असं तोंड करून. उतरेपर्यंत निदान मामा कोण, मूळ गाव कुठलं एवढं तरी निघायचंच.

आमच्याकडे पोरगी पसंत पडली की मुलाकडचं कोणीतरी गुपचूप येऊन गल्लीत चौकशी करतं. किराणा दुकानात विचारतात, शेजारी विचारतात. या चौकशीला उत्तर देणं ही काकांच्या मते एक विद्या होती आणि त्यांनी ती अख्ख्या गल्लीला शिकवून ठेवली होती. "पोराचं खोटं सांगाचं नाही, अन् पोरीचं खरं सांगाचं नाही," हा त्यांचा नियम. मुलगा पीत असेल तर काका तोंडावर सांगून मोकळे होत, मग दोन घरांशी बोलणं बंद झालं तरी बेहत्तर. पण मुलीबद्दल त्यांच्या तोंडून वावगा शब्द निघाला नाही. भांडकुदळ असली तर बोलकी. उन्हं वर येईपर्यंत लोळणारी असली तर शांत झोपेची. स्वयंपाक येत नसला तर सासूच्या हाताखाली शिकायची हौस असलेली. आणि एवढं सगळं झाल्यावर शेवटी हुकमाचं पान. "तुमच्या घरात आली की तुमचीच झाली समजा. माहेराचं नाव काढणार नाही. मागं वळून पाह्यणार नाही." हे ऐकलं की समोरचे लोक तारीखच विचारत.

हे वाक्य त्यांनी स्वतःच्या मुलीबद्दलही वापरलं होतं. एकुलती एक मुलगी, सुरतेला दिलेली, मोठ्या दुकानदाराच्या भरल्या घरात. ते स्थळ म्हणजे काकांची सगळ्यात लांबची फेरी. "व्याही अजून म्हणतात, तुम्ही सांगतलं तश्शीच निघाली पोरगी," हे ते आल्यागेल्याला सांगत. काकू तिथं असल्या तर अशा वेळी उठून आत जात. मी राहायला आल्यापासून तीन दिवाळ्या होऊन गेल्या होत्या आणि ताई काही दिसल्या नव्हत्या. फोन यायचे, घाईतले. दुकानात गर्दी आहे, सासूबाईंचं गुडघ्याचं चाललंय, पुढच्या खेपेला नक्की.

तर अशा माणसाच्या डोक्यावर, म्हणजे अगदी वरच्याच मजल्यावर, तिशी ओलांडलेली बिनलग्नाची मास्तरीण. त्यांच्या इज्जतीचाच प्रश्न होता. त्यांनी माझ्यासाठी स्थळं आणली, मी ती परतवली. शेवटी वैतागून म्हणाले की आजवर माझ्या गाडीत कोणी शेवटच्या थांब्यापर्यंत असं बसून राहिलं नाही. मी म्हटलं, काका, मला त्याच्याही पुढे जायचंय.

आणि मला खरंच जायचं होतं. समुद्र मागे रेटून शेती करणारा एक थंड देश आहे, तिथं तीन महिन्यांचा एक अभ्यासक्रम होता. खारवलेली जमीन पुन्हा पिकती कशी करायची, एवढंच शिकवतात. मी अर्ज केला होता आणि त्यांनी मला निवडलं. ते पत्र मी गावी वडिलांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, मग आपल्या विहिरीचं काही होईल का? जन्मभर त्या पाण्याशी झगडलेला माणूस तो. मी म्हटलं, होईल. एवढं बोलून बसल्यावर आता मला जाणं भाग होतं. अडकलं होतं ते फक्त व्हिसावर.

व्हिसा म्हणजे काय, असं काकांनी विचारलं. मी सोपं करून सांगितलं की आपण आपली माहिती द्यायची, ते लोक ती तपासतात, चौकशी करतात आणि आपल्याला त्यांच्याकडे घ्यायचं की नाही ते ठरवतात. काकांचा चेहरा असा उजळला की मला तेव्हाच कळायला हवं होतं. "म्हणजे सोयरीकच की," ते म्हणाले. "मंग पहिलेच सांगाचं ना बाप्पा."

दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी एक बेल. मी खाली जायची तर काका इस्त्रीचा शर्ट घालून लोखंडी खुर्चीत व्हिसाचा साहेब होऊन बसलेले, आणि काकू चहाचा ट्रे माझ्या हातात देऊन मला पुन्हा दाराबाहेर पाठवायच्या. मग मी ट्रे घेऊन आत यायचं. मी सांगून पाहिलं की तिथं चहा मी नेणार नाहीये. नेला तर काय बिघडलं, असं ते म्हणाले. मग प्रश्न. शिक्षण काय, वडील काय करतात, वावर, म्हणजे शेती, किती, भाऊ किती, मामाचं गाव कोणतं. मामाचं गाव त्या साहेबाला कशाला लागेल, असं मी म्हटलं तर काकू म्हणाल्या, सांगून ठेव, वाया थोडंच जातंय. काकांचा सल्ला असा की नजर खाली ठेवायची, विचारलं तेवढंच बोलायचं आणि जायची घाई अजिबात दाखवायची नाही. 'मला यायचंच आहे' असं एकदा तोंडातून गेलं की भाव पडतो.

मी मलकापूरहून गाडी धरून मुंबईला गेले. तिथल्या व्हिसा केंद्राच्या खिडकीतल्या मुलीनं माझे कागद घेतले, दहाही बोटं काचेवर ठेवायला लावली, फोटो काढला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. झालं. परत आले तर काका पडवीत उभेच होते, काय विचारलं म्हणून. मी म्हटलं, काही नाही, बोटांचे ठसे घेतले. काकांना ते पटेचना. पोरगी पाहिलीच नाही, नुसती बोटं पाहिली? इतक्या लांब बोलावून? काकू शांतपणे म्हणाल्या, "भाकरी थापता येते का ते पाह्यलं असन."

अर्जात राहत्या पत्त्यावरच्या कोणाचा तरी फोन नंबर मागितला होता. मी काकांचा दिला होता. दुसरा कोणाचा देणार?

एक दिवस कॉलेजातून आले तर जिना चढायच्या आतच बेल. खाली शिऱ्याचा वास आणि काका पडवीत फेऱ्या मारतायत. चौकशी आली होती. वकिलातीतून कोणी बाई, मराठीच बोलत होत्या, मॅडम इथंच राहतात का, कधीपासून राहतात एवढंच विचारत होत्या. "पण म्या सोडलं नाही," काका म्हणाले. त्यांनी त्या बाईंना माझा स्वभाव सांगितला, चाल सांगितली, घराणं सांगितलं. बाई बरं बरं म्हणत फोन ठेवायला निघाल्या तशी त्यांनी थांबवून हुकमाचं पान टाकलं. पोरगी एकदा तुमच्या देशात आली की तुमचीच झाली समजा. इकडचं नाव काढणार नाही. मागं वळून पाहणार नाही, याची गॅरंटी माझी.

मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले ते बसलेच. हातात शिऱ्याची बशी होती, ती तशीच.

काही दिवसांनी नकार आला. मुदत संपल्यावर अर्जदार आपल्या देशात परत जाईल याची खात्री पटत नाही, असं त्यात लिहिलं होतं. आता तो त्या फोनमुळेच आला की आणखी कशानं, देव जाणे. एकटी बाई, लग्न नाही, नावावर काही नाही, त्यांना कारणांचा तोटा नव्हता. पण त्या दिवशी मला एकच कारण दिसत होतं आणि ते पडवीत इस्त्रीचा शर्ट घालून बसलं होतं. मी त्यांना तो कागद मराठीत वाचून दाखवला. काकांना वाटलं मी चुकीचं वाचतेय.

"टिकणारी पोरगी नको म्हणते?"

"त्यांना टिकणारी नको असते काका. परत जाणारी पाहिजे असते."

"पोरगी न्यायची, अन् परत धाडायची," काका सावकाश म्हणाले. "हे कसले लोकं वो?"

मी वर जाऊन दार लावून घेतलं आणि रडले. दुःखानं नाही, रागानं. रागाच्या भरात पिशव्या उचलून दुसरी खोली बघावी असंही मनात आलं. पण इतक्या पिशव्या कोण उचलणार? त्यानंतर आठवडाभर दोरी हलली नाही. सकाळी मी निघायची तेव्हा दोन बेलही नाहीत. मला वाटलं होतं बरं वाटेल. कसचं काय, कॉलेजला जाताना काहीतरी विसरल्यासारखं व्हायचं आणि मी दोनदा पर्स तपासायची.

अभ्यासक्रमवाल्यांनी कळवलं की पुढच्या तुकडीत तुमची जागा धरून ठेवतो, पुन्हा अर्ज करा, पण या वेळी नाही जमलं तर जागा दुसऱ्याला जाईल. ही शेवटची गाडी होती. मी पुन्हा अर्ज भरला. नंबर कोणाचा द्यायचा हा प्रश्न आला तेव्हा काका स्वतः वर आले. ते जिना चढून वर आलेले मी पहिल्यांदाच पाहिलं. दारात उभे राहिले, आत सरकले नाहीत. म्हणाले, माझाच नंबर दे. बिघडवलं मी, दुरुस्त मीच करतो. या वेळी पोरीचं वाईट सांगतो.

बोलायला सोपं होतं. पण सगळा जन्म पोरींचं चांगलं सांगण्यात गेलेला, तोंडच वळेना. सरावाला बसले की "पोरगी भांडखोर हाये" इथपर्यंत यायचे आणि पुढे आपोआप "पण मनानं लय साफ" असं जोडायचे. काकूंनी ते दोन दिवस ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी लसूण सोलता सोलता सुरू झाल्या. ही पोरगी कपडे भिजवून दोन दिवस विसरते. दूध उतू घालते. गॅस वाया घालवते. कोणाचं ऐकून घेत नाही. पाहुण्यांसमोर तोंड वाकडं करते. शिळं खात नाही. सकाळी बोललं तर गुरगुरते. त्या एकही क्षण आठवायला थांबल्या नाहीत, लसूण सोलायच्याही थांबल्या नाहीत. मी तिथंच बसले होते. काका मात्र मान डोलावत सगळं ऐकत होते आणि मग पडवीत येरझाऱ्या घालत त्यांनी ते पाठ केलं.

दुसरा फोन आला तो पोळ्याच्या दिवशी दुपारी. मला सुट्टी होती, काकूंचे हात पुरणानं भरलेले होते. नंबर बघून काकांनी शर्टाची वरची गुंडी लावली आणि स्पीकर चालू केला. त्याच बाई होत्या. मॅडम अजून तिथंच राहतात का, असं त्यांनी विचारलं.

"हाव, इथंच राह्यते. पण स्वभावाचं विचारू नका," काका म्हणाले. बाईंनी स्वभावाचं विचारलंच नव्हतं. मग काका सुटले. रिक्षावाल्याशी भांडते, दूधवाल्याशी भांडते, माझ्याशी तर रोजच. दूध उतू घालते. कपडे भिजवून विसरते, तुमच्या तिकडे पाणी महाग असेल तर आधीच विचार करा. ठेच्याशिवाय घास उतरत नाही. तुमच्या देशात तिचं चार दिवस पटणार नाही, तुम्हीच तिला गाडीत बसवून द्याल. एवढं बोलून त्यांना दम लागला आणि सवयीनं तोंडातून निघालं, "पण बाई, मनानं मात्र", तेवढ्यात काकूंनी लाटणं त्यांच्या पाठीत टोचलं.

बाई हसल्या. त्यांचं हसू थांबलं तेव्हा त्या साध्या आवाजात म्हणाल्या, "काका, एकच सांगा. त्या परत येतील, हे तुम्ही कशावरून म्हणता?"

हा प्रश्न सरावात नव्हता. काकांनी माझ्याकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं. मग त्यांची नजर जिन्याखाली गेली.

"बाई, मी कंडक्टर होतो," ते म्हणाले. "थांब्यावर गाडी थांबली की लोकं चहाले उतरतात. ड्रायव्हर घाई करते, म्हणते मार बेल. मी पॅसेंजर पाह्यत नव्हतो, लगेज पाह्यत होतो. लगेज गाडीत असन तं माणूस येते. उशीर करन, पण येते. या पोरीचं लगेज माह्या जिन्याखाली हाये. तिच्या गावची माती हाये, पिशव्या भरभरून. मले पाय ठेवाले जागा नाही ठेवली तिनं. ते सोडून कुठी जाते ती?"

काकांनी फोन कानाला लावला, स्पीकर चालू आहे हे विसरून, आणि हळू बोलले.

"माह्या पोरीचं सगळं लगेज म्या लग्नातच संग देऊन टाकलं. लहानपणीच्या फ्राकापासून शाळेच्या पुस्तकापर्यंत. इथं काहीच ठेवलं नाही. मंग ती येईन तरी कशाले?"

काकू पुरणाचे हात तसेच धरून उभ्या होत्या. या वेळी त्या आत निघून गेल्या नाहीत. बाई म्हणाल्या, बरं काका, मी लिहून घेते, आणि फोन बंद झाला. काका माझ्याकडे वळले. पुन्हा काही बिघडवलं का मी, असं त्यांनी विचारलं. इतके घाबरलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी नाही म्हटलं, एवढंच मला म्हणता आलं. मला तेव्हा त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की व्हिसा मिळो न मिळो, असं क्षणभर वाटून गेलं. क्षणभरच. वडिलांची विहीर डोळ्यांसमोर होती.

व्हिसा मिळाला. पासपोर्ट घरी आला तेव्हा काकांनी तो उघडून तो शिक्का अंगठ्यानं चोळून पाहिला, उजेडात धरला आणि म्हणाले, "तिकीट खरं हाये." मग गल्लीत पेढे वाटले. गल्लीतल्या निम्म्या लोकांचा समज माझं ठरलं असा झाला आणि तो काकांनी दुरुस्त केला नाही.

निघायच्या दिवशी त्यांनी माझी बॅग तपासायला घेतली. ही शाल कशाला नेते, राहू दे इथंच. हे जाड पुस्तक इथंच राहू दे. दुसरा स्वेटर, तोही जिन्याखाली. मी आरडाओरडा केला, काकूही बोलल्या, पण काका ऐकेनात. पॅसेंजर जितका लांब, तितकं लगेज गाडीत जास्त पाहिजे, असा नवाच नियम त्यांनी त्या दिवशी काढला. परिणाम असा झाला की समुद्राच्या काठच्या त्या बोचऱ्या थंडीत मी तीन महिने एका स्वेटरवर काढले. तिथं गेल्यावर कळलं की काकांनी माझ्याबद्दल सांगितलेलं सगळं खरं होतं. पहिल्याच आठवड्यात मी प्रयोगशाळेतल्या माणसाशी भांडले, दोनदा दूध उतू घातलं आणि ठेच्यासाठी जीव टाकला. शिकले मात्र भरपूर. आमच्या विहिरीचं पाणी अजून खारटच आहे, पण वावराच्या खालच्या अंगाला चर खणून आम्ही पावसाचं गोडं पाणी जिरवायला लागलो आणि त्या तुकड्यात हरभरा उभा राहिला. वडील तो रोज जाऊन बघतात, उगीचच.

परत आले तेव्हा मी जिन्याला हात लावायच्या आत वर एक बेल झाली. आणि खाली जिन्याखाली माझ्या सगळ्या पिशव्या गावाच्या क्रमानं लावून ठेवलेल्या. क्रम अर्थातच एस.टी.च्या थांब्यांचा.

मी परतल्यानंतरच्या दिवाळीला ताई लहान मुलीला घेऊन आल्या. कशा काय आल्या ते नक्की माहीत नाही. काकूंनी फोनवर पोळ्याची हकिकत सांगितली असणार. मी विचारलं तर म्हणाल्या, मी कशाले सांगू? ताई चार दिवस राहिल्या, बापाशी थोडं बोलल्या, आईशी पुष्कळ बोलल्या आणि मुलीला घेऊन निघाल्या. त्यांची पाठ वळून अर्धा तास झाला नसेल तर स्टँडवरून फोन. काकांनी या वेळीही स्पीकरच लावला होता.

"बाबा, माही निळी पिशवी राह्यली वाटते घरी."

"राह्यली नाही," काका म्हणाले. "म्या ठेवली."

तिकडून ताई बरंच काही बोलल्या. त्यात पोरीचं केसांचं तेल होतं, टॉवेल होता आणि बाबा, तुम्ही आता लहान आहात का, हे होतं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. "असू दे व," ते म्हणाले. "लगेज गाडीत हाये." मग त्यांनी मला जिन्याखाली नेऊन दाखवलं. माझ्या मातीच्या पिशव्या थोड्या आत सरकवून त्यांनी निळ्या पिशवीला जागा केली होती.

संक्रांतीला ताई ती पिशवी न्यायला आल्या. या खेपेला जास्त दिवस राहिल्या. निघताना निळी पिशवी त्यांनी आठवणीनं खांद्याला अडकवली, आईच्या पाया पडल्या, बापाच्या पाया पडल्या आणि रिक्षात बसल्या. आम्ही पडवीत परत आलो तर जिन्याखाली, निळ्या पिशवीच्या जागी, एक हिरवी पिशवी होती. निळीपेक्षा मोठी.

काकू म्हणाल्या, "विसरली वाटते पोरगी."

काका वाकून त्या पिशवीकडे बघत राहिले. मग सरळ झाले, दोरीपाशी गेले आणि दोन बेल मारल्या. वर कोणीच नव्हतं. मी त्यांच्या शेजारीच उभी होते.